जुगाराच्या केसमध्ये मेव्हण्याला शिक्षा लागली, अपील करायचं का आणि कसं? जाणकारांनी सांगा

बागायतदार_तासगाव

नमस्कार मंडळी. विषय जरा अवघड जागेचा आहे, घरात कुणाशी मोकळं बोलता येत नाही म्हणून इथे टाकतोय.

माझा मेव्हणा (बायकोचा धाकटा भाऊ) २०२२ च्या दिवाळीत गावाबाहेर एकाच्या द्राक्षबागेतल्या पत्र्याच्या शेडात पत्ते खेळायला बसला होता. नऊ जण होते, सगळे ओळखीतले. रात्री पोलिसांची धाड पडली. ५२ पत्ते, सतरंजी, ४,३१० रुपये, सगळ्यांचे मोबाईल आणि बाहेर लावलेल्या गाड्या असं सगळं उचललं. शेडवाल्यावर महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याचं कलम ४ (अड्डा चालवणं) आणि बाकी आठ जणांवर कलम ५ (अड्ड्यात खेळणं). त्यातल्या दोघांनी पहिल्या तारखेलाच गुन्हा कबूल केला, थोडाफार दंड भरला आणि मोकळे झाले, आमच्या मेव्हण्यालाही तेव्हा सगळे तेच सांगत होते पण हा हट्टी, म्हणाला मी नुसता डबा द्यायला गेलो होतो आणि बसलो, केस लढणार. लढली, आणि आता जेएमएफसी कोर्टाने (पहिल्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटने) उरलेल्या सात जणांना दोषी धरलं. मेव्हण्याला एक महिना साधी कैद आणि ५०० रुपये दंड. दंड त्याच दिवशी भरला. वकिलांनी अर्ज दिला म्हणून जज साहेबांनी अपिलासाठी शिक्षा ३० दिवस थांबवली आहे, त्यातले आज १९ दिवस गेले.

तो एका पतसंस्थेत क्लार्क आहे, तिथे हे कळलं तर नोकरीचं काय होईल माहीत नाही. सासरे म्हणतात महिन्याचीच शिक्षा आहे, भोगून टाक, कोर्टाच्या पायऱ्या किती झिजवायच्या. बायको रोज रडते. माझे प्रश्न असे की अपील कुठे करायचं, दंड भरला म्हणजे गुन्हा मान्य केला असं होतं का, अपील केलं आणि वरच्या कोर्टाने शिक्षा वाढवली तर काय, आणि मुळात यात दम आहे का. जुने वकील म्हणतात "बघू". हे "बघू" ऐकूनच तीन वर्षं गेली.

रमीकिंग

भाऊ टेन्शन नको, रमी खेळत होतो म्हणून सांगायचं. सुप्रीम कोर्टाने रमी म्हणजे जुगार नाही असं कधीच सांगितलंय. आणि सेशनला कशाला जाताय, डायरेक्ट हायकोर्टात टाका, ९० दिवस असतात.

काळाकोट_सांगली

वरच्या भावाचं ऐकून ९० दिवस थांबलात तर मेव्हण्याला घेऊन पोलीसच कारागृहात सोडायला जातील, म्हणून आधी तेवढंच सांगतो. जेएमएफसीच्या शिक्षेवर अपील सेशन कोर्टात. जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ३७४(३), आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसमध्ये ४१५(३). मुदत ३० दिवस. ९० दिवस असतात ते रिव्हिजनला (खालचा निकाल कायद्याला धरून आहे का ते वरच्या कोर्टाने तपासणं), तो वेगळा प्रकार. निकालाची नक्कल मिळायला जे दिवस लागले ते मुदतीतून वजा मिळतात पण त्या भरवशावर राहू नका, कारण तुमची शिक्षा थांबवली आहे ती ठरावीक तारखेपर्यंतच. अपील मुदतीत दाखल झालं तरी शिक्षा आपोआप थांबत नाही, त्यासोबत शिक्षा स्थगितीचा आणि जामिनाचा वेगळा अर्ज द्यावा लागतो (जुनं ३८९, नवं ४३०). इतक्या छोट्या शिक्षेत तो साधारण मिळतोच, नाहीतर अपिलाचा निकाल लागेपर्यंत महिना भोगून झालेला असेल आणि अपिलाला अर्थच उरणार नाही. जामीनदार आणि त्याचा सातबारा आजच तयार ठेवा, ऐनवेळी मामा फोन उचलत नाहीत.

दंड भरल्याने अपिलाचा हक्क जात नाही. आणि शिक्षा वाढण्याची भीती काढून टाका, आरोपीने स्वतःच्या शिक्षेविरुद्ध केलेल्या अपिलात कोर्टाला शिक्षा वाढवता येत नाही. वाढवायची असेल तर सरकारने त्यासाठी वेगळं अपील करावं लागतं, महिन्याच्या शिक्षेसाठी ते कोण करणार.

आता दम आहे का. हा १८८७ चा कायदा आहे, राणीच्या काळातला, नाव बदलून मुंबईचं महाराष्ट्र झालं पण गाभा तोच. यात पोलिसांच्या हातात एक मोठं हत्यार आहे, कलम ७. कलम ६ प्रमाणे रीतसर धाड टाकली आणि तिथे पत्ते वगैरे साधनं सापडली की कोर्ट असं गृहीत धरतं की ती जागा जुगाराचा अड्डा आहे आणि तिथे असलेले लोक खेळायलाच आले होते. मग उलटं सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर. तुमचा मेव्हणा "डबा द्यायला गेलो होतो" म्हणाला ते इथेच मेलं असणार.

पण हे गृहीतक फुकट मिळत नाही. कलम ६ म्हणजे कायद्यात नेमून दिलेल्या अधिकाऱ्याने खबर ऐकून, खात्री करून, त्या जागेसाठी काढलेलं खास वॉरंट, किंवा असा अधिकार असलेला अधिकारी स्वतः धाडीला हजर. वॉरंटच नसेल, किंवा ज्याने काढलं त्याला अधिकारच नसेल, तर कलम ७ गळून पडतं आणि सरकारला सगळं साध्या पुराव्याने सिद्ध करावं लागतं. म्हणून मला दोनच गोष्टी सांगा. वॉरंट निशाणी (कोर्टाने नंबर दिलेला पुराव्याचा कागद) म्हणून दाखल आहे का, आणि नाल काढत होते असा पुरावा कुणी दिला आहे का.

पुन्हा_शून्यातून

नाल म्हणजे?

जुना_हवालदार

नाल म्हणजे प्रत्येक डावातून जागेच्या मालकाने काढून घेतलेला हिस्सा. बत्ती, चहा, सतरंजी, बसायची जागा याचं भाडं समजा. खोक्यात टाकतात. मी ३१ वर्षं खात्यात होतो, आता घरी असतो, म्हणून बोलायला हरकत नाही. कायद्यात अड्डा म्हणजे जिथे मालक स्वतःच्या फायद्यासाठी साधनं ठेवतो ती जागा. चार मित्र दिवाळीला घरात पैसे लावून बसले म्हणून घर अड्डा होत नाही. त्यामुळे छापा टाकताना आम्हाला खोकं लागायचं. खोकं नसलं की केस लंगडी.

आणि वॉरंटचं म्हणाल तर खरं सांगतो, बातमी येते रात्री नऊला, साहेब जेवायला बसलेले असतात, वॉरंट काढायचं, सही घ्यायची, जावक नंबर टाकायचा, तोवर तिकडे डाव मोडून माणसं घरी झोपलेली. म्हणून घाई होते. घाईत केलेली केस खालच्या कोर्टात चालून जाते कारण तिथे रोज शंभर केसेस असतात. पण पोलीस म्हणजे सगळेच खोटे असं कुणी लिहू नका. गावातल्या बायकाच येऊन रडायच्या की ऊसबिल आलं आणि नवऱ्याने दोन रात्रीत शेडात घालवलं. त्यांच्यासाठी पण कुणीतरी धाड टाकायलाच पाहिजे ना.

काळाकोट_सांगली

हवालदारसाहेब अगदी बरोबर, आणि ऊसबिलाचं तर मी स्वतः आमच्या गावात बघितलंय.

रमीकिंग, तुमच्या सल्ल्याचं अर्धं खरं आहे म्हणून जास्त धोकादायक. सुप्रीम कोर्टाचा १९६८ चा निकाल आहे, आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण. सिकंदराबादच्या एका क्लबवर १९६३ साली धाड पडली होती, लोक रमी खेळत होते. कोर्टाने म्हटलं रमीत पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कुठलं ठेवायचं कुठलं टाकायचं याला डोकं लागतं, म्हणून हा मुख्यतः कौशल्याचा खेळ. आपल्या कायद्यातही कलम १३ मध्ये नुसत्या कौशल्याच्या खेळाला सूट आहे. पण त्याच निकालात त्याच परिच्छेदाच्या आसपास असंही म्हटलंय की तीन पानी, फ्लश वगैरे हा निव्वळ नशिबाचा खेळ. पंचनाम्यात काय लिहिलंय ते मी न बघता सांगतो, "गोलाकार बसून तीन पानी पत्त्यांचा जुगार पैसे लावून खेळत असताना मिळून आले". बरोबर का बागायतदार? खालच्या कोर्टात तीन वर्षं जे बोलला नाही ते अपिलात येऊन "आम्ही रमी खेळत होतो" म्हणालात तर जज चष्म्यावरून बघतील फक्त. शिवाय मेव्हण्याचा बचाव मी खेळतच नव्हतो असा आहे. दोन बचाव एकमेकांचे पाय ओढतील.

बागायतदार_तासगाव

वकीलसाहेब शब्द न् शब्द तोच आहे, "गोलाकार बसून" सकट, मी हसावं का रडावं. ते शेड दहा बाय बारा आहे, त्यात खताची पोती आणि फवारणीचा पंप, तिथे नऊ माणसं गोलाकार बसूच शकत नाहीत.

काल रात्री सगळे कागद काढून बसलो. वॉरंट निशाणीत कुठे दिसत नाही. तपास अधिकाऱ्यांच्या उलटतपासात असं लिहिलंय की "वरिष्ठांना फोनवरून कळवले होते, वेळ नसल्याने लेखी वॉरंट घेतले नाही हे म्हणणे खरे आहे". धाड टाकणारे सबइन्स्पेक्टर होते. आणि निकालपत्रात पान ९ वर जज साहेबांनी लिहिलंय की साधनं मिळाली असल्याने कलम ७ चं गृहीतक लागू होतं आणि आरोपींनी ते खोडून काढलेलं नाही. नालचा उल्लेख फिर्यादीत एका ओळीत आहे पण साक्षीत कुणीच बोललेलं नाही. खोकं वगैरे काही जप्त नाही. दोन पंचांपैकी एक फितूर, दुसरा म्हणतो मी पोलीस ठाण्याबाहेर चहाच्या गाड्यावर होतो तिथे सही केली.

काळाकोट_सांगली

मग "बघू" कशाला म्हणत होते तुमचे वकील! पान ९ आणि तो उलटतपास, अपील या दोन कागदांवर उभं आहे. वॉरंट नाही हे खुद्द अधिकाऱ्याने मान्य केलंय, तरी गृहीतक लावलं, ही कायद्याची चूक. गृहीतक गेलं की अड्डा आहे हे नालच्या पुराव्यानेच सिद्ध व्हायला हवं, तो नाही. अड्डाच सिद्ध झाला नाही तर कलम ५ कुठून आलं, ते कलमच "अड्ड्यात खेळताना किंवा खेळण्यासाठी हजर" असलेल्या माणसापुरतं आहे. अपिलाच्या मेमोत (अर्जात) हे पहिल्या पानावर घ्या. पंच, मुद्देमाल, गोलाकार बसणं हे सगळं नंतर. नवशिके वकील चाळीस मुद्दे लिहितात आणि खरा मुद्दा सत्ताविसावा असतो.

सरकारी वकील एक म्हणतील, की वॉरंट नसलं म्हणून सापडलेल्या वस्तूंचा पुरावा बाद होत नाही. हे खरं आहे. वस्तू पुराव्यात राहतात. पण वस्तू राहणं वेगळं आणि त्या वस्तूंवरून अड्ड्याचं गृहीतक मिळणं वेगळं. तुमच्या वकिलांना हा फरक तोंडावर पाठ पाहिजे. कलम १२ म्हणजे सार्वजनिक जागेवरचा जुगार, त्याला असं वॉरंट लागत नाही, पण खाजगी बागेतलं शेड सार्वजनिक जागा नव्हे आणि तसा आरोपही ठेवलेला नाही.

गॅरंटी कुणी देत असेल तर त्याच्यापासून लांब राहा, माझ्यासकट.

ओगलेवाडी_एक्सप्रेस

मी या सगळ्यातून गेलोय म्हणून लिहितो. आमची केस २०१५ ची, गॅरेजच्या वरची खोली. खालच्या कोर्टात शिक्षा, सेशनला निर्दोष, मध्ये चार वर्षं. आमच्या वकिलांनी खालच्या कोर्टात चालू असताना मुद्देमालाची पिशवी उघडायला लावली होती. पंचनाम्यात ५२ पत्ते. शिपायाने टेबलावर एकेक करून मोजले, ४९. परत मोजले, ४९. जज म्हणाले जोकर धरून मोजा, तरी ४९. कोर्टात हशा. लाखेचं सील नव्हतं, नुसता सुतळीचा गठ्ठा. तरी खालच्या कोर्टाने शिक्षा दिलीच, म्हणे किरकोळ तफावत. सेशनला त्याच किरकोळ तफावतीवर आणि स्टेशन डायरीवर सुटलो, डायरीत पथक रवाना झाल्याची वेळ पंचनामा सुरू झाल्याच्या वेळेनंतरची निघाली.

गाडी सुपुर्दनाम्यावर (मागितली की हजर करीन अशा हमीवर) आधीच सोडवली होती. मोबाईल मिळाला तेव्हा चार्जरच बाजारात मिळत नव्हता. खर्च सगळा मिळून झालेल्या दंडाच्या कितीतरी पट. सासऱ्यांचं गणित पैशात बघितलं तर बरोबरच आहे, पण मला दरवर्षी गणपतीच्या आधी पोलीस ठाण्यात बोलावून बसवायचे, ते निर्दोष सुटल्यावर थांबलं. त्याची किंमत कशात धरायची.

जुना_हवालदार

बोलवणारच, यादी असते. शिक्षा झालेला परत सापडला तर किमान शिक्षाही चढत जाते, आणि अड्डेवाल्यांच्या, मटकेवाल्यांच्या शिक्षा साठल्या की तडीपारीचा प्रस्ताव जातो. सासऱ्यांना हे सांगा.

पुन्हा_शून्यातून

बागायतदार तुमच्या धाग्यात घुसतोय माफ करा पण माझं उलटं झालंय. मी त्या दोघांसारखा. एजंट टाईप माणसाने सांगितलं गुन्हा कबूल म्हण, दंड भर, सही कर, अर्ध्या तासात घरी. तसंच केलं. आता नोकरीच्या फॉर्मवर "कधी दोषी ठरला आहात का" असा कॉलम आलाय. मला वाटत होतं दंड म्हणजे ट्रॅफिकच्या पावतीसारखं. मला अपील करता येईल का? ८ महिने झाले.

काळाकोट_सांगली

दंड म्हणजे शिक्षाच, पावती नव्हे. कबुलीवर दोषी ठरलात की अपिलाचा दरवाजा जवळजवळ बंद, फक्त शिक्षा जास्त आहे किंवा बेकायदा आहे एवढ्यापुरतं अपील राहतं (जुनं ३७५, नवं ४१६). आणि नुसता १०० रुपयांपर्यंत दंड असेल, समरी (झटपट चालवलेल्या) केसमध्ये २०० पर्यंत, तर तेही नाही. रस्ता उरतो तो रिव्हिजनचा, त्याला ९० दिवस, तुम्हाला ८ महिने झाले म्हणजे विलंब माफीचा अर्ज आणि कारण पटवावं लागेल. मुद्दा काय घ्यायचा, तर कबुली कशी घेतली. आरोप समजावून सांगायचा असतो आणि कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत लिहायची असते. तुमचं रोजनाम्याचं (कोर्टाच्या तारखेच्या कामाच्या नोंदीचं) पान आणि कबुलीचा कागद यांची नक्कल काढा. छापील फॉर्मवर नुसती सही असेल तर बोलण्यासारखं आहे.

फॉर्मवर मात्र खोटं लिहू नका. गुन्हा छोटा असला तर साहेब लोक कधीकधी दुर्लक्ष करतात, लपवाछपवी सापडली की त्याच कारणाने घरी पाठवतात.

रमीकिंग

गोव्यात तर बोटीवर कॅसिनो चालतो, लाईट लावून, आणि इथे शेतात चार माणसं बसली की आत. अजब न्याय.

काळाकोट_सांगली

जुगार हा राज्यांच्या यादीतला विषय आहे, प्रत्येक राज्य आपलं ठरवतं. गोव्याने १९७६ च्या कायद्यात नंतर दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलं आणि जहाजांना परवानगी दिली. महाराष्ट्रानेही १९७६ लाच कॅसिनोचा कायदा केला होता, तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. चीड येणं बरोबर आहे पण अपिलाच्या मेमोत गोवा घालू नका.

बागायतदार_तासगाव

अपडेट देतो. नवीन वकील केले. अपील २६ व्या दिवशी सांगलीत दाखल झालं, शिक्षा स्थगितीचा अर्ज त्याच दिवशी मंजूर, १५ हजाराचा जातमुचलका (स्वतःच्या हमीचा कागद) आणि एक जामीनदार. मामांनी फोन उचलला, आश्चर्य. खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड मागवलंय, पुढची तारीख दोन महिन्यांनी. सासऱ्यांना हवालदारसाहेबांचा यादीवाला मेसेज वाचून दाखवला, ते काही बोलले नाहीत, पण तारखेला सोबत आले.

एक शंका. उरलेल्या सहा जणांपैकी चौघे म्हणतात तुमचं अपील सुटलं की आमचंही आपोआप सुटेल, आम्ही कशाला खर्च करू. आणि शेडवाला म्हणतो मला पण घ्या पण त्याची मुदत कालच संपली. त्याला शिक्षा जास्त आहे, तीन महिने.

काळाकोट_सांगली

चांगलं झालं. त्या चौघांना सांगा की एकाचं अपील मंजूर झालं तर त्याचा फायदा बाकीच्यांना कोर्ट कधीकधी देतं, पण तो कोर्टाच्या मनावर. तोवर त्यांची शिक्षा थांबवलेली नाही, वॉरंट निघालं तर ते अपील न करणाऱ्यावर निघेल. एकाच निकालातले आरोपी एकत्र अपील करू शकतात, खर्च वाटून घ्या.

शेडवाल्याने आजच्या आज विलंब माफीच्या अर्जासह अपील टाकावं. एक दोन दिवसांचा उशीर समजून घेतात, एक दोन महिन्यांचा नाही. त्याने नक्कल कधी मागितली आणि कधी मिळाली ते बघा, कदाचित तो मुदतीतच असेल. त्याच्यासाठी तर नालचा मुद्दा तुमच्या मेव्हण्यापेक्षाही मोठा आहे, कलम ४ सगळं फायद्यावरच उभं असतं.

आणि सेशनला निकाल विरुद्ध गेला तर घाबरू नका, पुढे हायकोर्टात रिव्हिजन आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, सांगलीकरांना मुंबईची वारी नाही.

बागायतदार_तासगाव

शेडवाल्याची नक्कल अर्जाच्या पाचव्या दिवशी मिळाली होती, म्हणजे अजून तीनेक दिवस हातात आहेत. त्याला आत्ताच फोन केला. बागेत फवारणी चालू होती म्हणे, उद्या येतो. मी म्हटलं पंप आहे तिथेच ठेव आणि आज ये.